नवतप्याआधी झाडावरून उतरेल तेच सफरचंद लावावे

पत्र

सप्रेम नमस्कार. मोर्शी तालुक्यातील एका खेड्यात आमचे घर असून घरामागे विहिरीपर्यंत साधारण पाव एकराची वाडी आहे. जमीन काळी आहे आणि अडीच-तीन फुटांखाली मुरूम लागतो. तेथे पूर्वी संत्र्याची झाडे होती. त्यांतली बरीच डिंक्या रोगाने (बुंध्यातून डिंक गळून) गेली आणि आता ती जागा रिकामीच आहे. माझ्या सासूबाईंना सफरचंद फार आवडते आणि नातवंडांना घरचे फळ झाडावरून तोडून खाण्याची हौस आहे. गावात गाडी घेऊन येणारा एक रोपवाला "काश्मिरी सफरचंद आहे, विदर्भातही हमखास येते" असे सांगून चाळीस रोपे गळ्यात मारू पाहतो आहे. भाचा म्हणतो, अन्ना नावाचे वाण लावा. मोबाईलवर पाहावे तर एचआरएमएन-९९ शिवाय कोणी दुसरे नाव घेत नाही. नुसते खायला गोड आणि कुरकुरीत लागेल असे कोणते वाण घ्यावे, किती झाडे लावावीत आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती जगवावीत कशी, हे कृपया कळवावे. नाव छापू नये, ही विनंती.

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

चाळीस रोपे घेऊ नयेत, चार घ्यावीत. त्यांत दोन अन्नाची आणि दोन डॉर्सेट गोल्डनची, म्हणजे कमी थंडीत फुलणाऱ्या दोन वाणांची असावीत, आणि ती संत्र्याच्या जुन्या खड्ड्यांत लावू नयेत. उरलेल्या वाडीत लिंबू, पेरू, सीताफळ अशी आपल्या मातीला मानवणारी झाडे लावावीत, कारण सफरचंद हे आपल्याकडे हौसेचे फळ आहे आणि ते हौसेपुरतेच ठेवले तर त्याचा आनंद मिळतो. या फळाच्या भरवशावर संत्र्याची उभी बाग मोडावी, असे कोणी सुचवत असेल तर त्याचे मुळीच ऐकू नये.

रोपवाल्याचे "काश्मिरी" आधी बाजूला सारू. सफरचंदाची फुलकळी आदल्या हंगामात तयार होते आणि मग विश्रांती घेते; ती नीट फुटण्यासाठी तिला हिवाळ्यात थंडीचे ठराविक तास मिळावे लागतात, आणि हे तास मोजताना साधारणपणे ७ अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान धरतात. काश्मीर-हिमाचलात ज्यांच्या मोठमोठ्या बागा आहेत त्या डेलिशियस गटातील वाणांना असे ८०० ते १२०० तास लागतात. आता आपल्याकडचा हिशेब करून पाहावा. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि तेव्हा साऱ्या विदर्भाला हुडहुडी भरली होती. पण तशा लाटेतही पारा सातच्या खाली राहतो तो पहाटेचे चार-पाच तास, आणि तशा रात्री एका हिवाळ्यात पंधरा धरल्या तरी ती आपली उदारताच म्हणावी लागेल. म्हणजे बेरीज पंचाहत्तर तासांच्या पुढे सरकत नाही, आणि दुपारी अठ्ठावीस अंशांचे ऊन पडले की रात्री जमलेल्या त्या थंडीतलाही काही भाग वाया जातो. असे काश्मिरी रोप आपल्या वाडीत लावले तर ते लगेच मरेल असे नाही. ते वर्षानुवर्षे उभे राहील, फांद्यांच्या टोकांशी चार पाने काढील, आणि आपण दर फेब्रुवारीत त्याच्याकडे आशेने पाहत राहू.

(रोपवाल्याकडून काहीही घेण्याआधी ते रोप खरोखर सफरचंदाचेच आहे ना, हेही पाहावे. ॲपल बोर म्हणून जे येते ते बोराचेच झाड असते. त्याला काटे कमी असले तरी पानाची खालची बाजू पांढुरकी व लवदार असते आणि पानाला देठापासून निघणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. सफरचंदाच्या पानाला मधोमध एकच मुख्य शीर असून कडा दातेरी असतात.)

कमी थंडीत फुलणारी वाणे जगात फार नाहीत, आणि त्यांतली भारतात सहज मिळणारी तर बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. अन्ना हे इस्राएलमध्ये तयार झालेले वाण असून गोल्डन डेलिशियस हे त्याच्या जनकांपैकी एक आहे. त्याला २०० ते ३०० तास थंडी पुरते. डॉर्सेट गोल्डन बहामा बेटांवरच्या नसाऊ येथे सापडले, म्हणजे जिथे हिवाळा नावालाच असतो अशा ठिकाणी, आणि त्याचे सुमारे १०० तासांवर भागते. एचआरएमएन-९९ हे वाण हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्याचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी आपल्या परसातल्या रोपातून निवडले, आणि या कामासाठी त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्या वाणाचे नाव सर्वत्र घेतले जाते ते काही खोटे नाही. माझी अडचण वाणाविषयी नसून रोपाविषयी आहे. नाव गाजल्यापासून गल्लोगल्ली प्रत्येक रोपावर तीच चिठ्ठी दिसू लागली आहे, आणि पानावरून किंवा खोडावरून वाण ओळखणे तुम्हा-आम्हाला शक्य नसते. खात्रीच्या ठिकाणाहून मिळत असेल तर पाचवे झाड म्हणून ते जरूर लावावे. अन्ना आणि डॉर्सेट गोल्डन यांना पहिली पसंती देण्याचे कारण असे की ही जोडी फ्लोरिडासारख्या उष्ण प्रदेशांतल्या परसबागांत फार पूर्वीपासून एकत्र लावली जाते, दोघींचा फुलोरा एकाच वेळी येतो आणि एकीचे परागकण दुसरीला उपयोगी पडतात. एकटे अन्ना लावले तर फळ अगदीच धरत नाही असे नाही, पण ते थोडे धरते; शेजारी डॉर्सेट गोल्डन असले की मधमाश्या ते काम करून टाकतात. मात्र फुलोऱ्यात असताना कीटकनाशक फवारू नये, वाडीतच नव्हे तर बांधावरच्या तुरीवरसुद्धा.

वाण निवडताना थंडीच्या तासांइतकीच, किंबहुना त्याहून महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे, आणि तिचा उल्लेख रोपवाले करीत नाहीत. सफरचंदाचा शत्रू म्हणून आपण हिवाळ्याच्या उणिवेकडे बोट दाखवतो, परंतु फुटलेल्या फुलाचे खाण्याजोगे फळ होऊ न देण्याचे काम आपला मे महिना करतो. फुलापासून फळ पिकेपर्यंत ज्या वाणाला पाच-साडेपाच महिने लागतात, त्याचे फळ मेचे ऊन सोसून, जूनच्या पहिल्या पावसात भिजून, जुलैच्या दमट हवेत सडण्याच्या बेतात असताना हाताशी येते. अन्ना आणि डॉर्सेट गोल्डन ही दोन्ही लवकर पिकणारी वाणे आहेत. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या आरंभी फूल आले, तर साडेतीन ते चार महिन्यांत फळ उतरवता येते. रोहिणी नक्षत्राबरोबर २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, आणि आपले सारे नियोजन त्या तारखेच्या आत बहुतेक फळ घरात यावे, या हिशेबाने करावयाचे आहे. या कसोटीला जे वाण उतरत नाही ते थंडीच्या बाबतीत कितीही सोशिक असले तरी आपल्या कामाचे नाही.

आता प्रश्न असा की अन्नाला २०० तास हवेत आणि आपल्याकडे पंचाहत्तरही मिळत नाहीत, तर फूल येणार कसे? याचे उत्तर तुम्हाला अर्धे ठाऊकच आहे, कारण तुम्ही संत्र्याचा आंबिया बहार धरला आहे, म्हणजे पाण्याचा ताण देऊन हवा तेव्हा फुलोरा आणला आहे. इंडोनेशियातील जावा बेटावर मलंग आणि बातू या भागांत, विषुववृत्तापासून फार दूर नसताना, सफरचंदाच्या बागा आहेत आणि तिथले शेतकरी फळे उतरवून झाली की सुमारे महिनाभरात झाडाची सगळी पाने हाताने काढून टाकतात. कळी गाढ विश्रांतीत शिरण्यापूर्वीच पाने गेल्यामुळे ती थंडीची वाट न पाहता फुटते, आणि अशा रीतीने ते वर्षाला दोन बहार घेतात. तिथे बागा डोंगरावर असल्याने उन्हाळा आपल्यासारखा भाजून काढणारा नसतो; म्हणून आपण दुसऱ्या बहाराच्या मोहात पडू नये, एकच घ्यावा आणि तो वेळेवर घ्यावा.

त्याची रीत अशी आहे. झाड तीन वर्षांचे झाल्यानंतर नोव्हेंबरच्या अखेरीपासून पाणी हळूहळू कमी करावे. संत्र्याला देतो तसा पाने कोमेजेपर्यंतचा कडक ताण मात्र सफरचंदाला देऊ नये. नवी पालवी थांबली, शेंड्याची वाढ थबकली, एवढे पुरे आहे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की पाने काढावीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते घाईने केले तर नुकसान होते, कारण प्रत्येक पानाच्या बगलेत पुढची कळी बसलेली असते आणि पान खाली ओढले की सालीच्या टवक्याबरोबर तीही निघून येते. म्हणून पान ओढू नये. लहान कात्रीने पानाचे पाते कापावे आणि देठ तसाच फांदीवर राहू द्यावा. तो काही दिवसांत पिवळा पडून आपण होऊन गळतो आणि कळीला धक्का लागत नाही. चार झाडांचे हे काम घरातील मंडळी बसून-उभी राहून एका दिवसात उरकतात. चाळीस झाडे का घेऊ नयेत, याचे हेही एक कारण आहे. पाने काढून झाली की त्याच आठवड्यात वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या छाटाव्यात, शेणखत द्यावे आणि पाणी सुरू करावे. मोठ्या बागांत कळी फोडण्यासाठी रसायने फवारतात. ती अत्यंत विषारी असतात आणि जिथे मुले खेळतात त्या वाडीत त्यांचे नावही काढू नये.

छाटणीविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. हिमाचलच्या छाटणीच्या चित्रफिती पाहून झाडाचा मधला भाग मोकळा करण्याचा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा अमलात आणला जातो. तिथे ऊन फळापर्यंत पोहोचावे म्हणून झाड उघडे करतात. आपल्याकडे ऊन फळापर्यंत पोहोचू नये यासाठी धडपड करावी लागते. तेव्हा झाड बुटके ठेवावे, सहा-सात फुटांवर जाऊ देऊ नये, पण पश्चिमेकडची आणि नैऋत्येकडची पानांची छत्री शक्यतो छाटू नये.

रोप मागवताना वाणाबरोबर त्याचा खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधले तो, कोणता आहे हेही विचारावे. संत्र्याला जंबेरी आणि रंगपूर या खुंटांतला फरक तुम्ही जाणता, तसाच तो इथेही असतो. एमएम १११ हा खुंट पाण्याचा ताण आणि भारी जमीन त्यातल्या त्यात बरी सोसतो व मुळांवर येणाऱ्या लोकरी माव्यालाही सहसा बळी पडत नाही, म्हणून तोच मागावा. एमएम १०६ सर्वत्र मिळतो, पण पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत त्याची बुंध्याशी साल कुजते. एम ९ या खुंटावरचे झाड लहान राहते आणि लवकर फळते खरे, परंतु त्याची मुळे इतकी उथळ असतात की त्याला जन्मभर आधाराची काठी आणि सतत ओलावा लागतो. एप्रिल-मेमध्ये विहिरीने तळ गाठला की आधी तेच जाईल. खाल्लेल्या सफरचंदाचे बी कुंडीत रुजवून केलेले रोप मुलांच्या कौतुकासाठी ठीक आहे, पण त्याचे फळ मूळ फळासारखे निघत नाही.

जागेविषयी तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द "डिंक्या" हा आहे. संत्र्याला डिंक्या आणणारी फायटोफ्थोरा ही बुरशी आणि सफरचंदाचा बुंधा कुजवणारी बुरशी या एकाच कुळातल्या आहेत, आणि दोघींना हवी असते ती बुंध्याशी साचलेली ओल. ज्या खड्ड्यात संत्रे गेले तिथे सफरचंद लावणे म्हणजे जाणूनबुजून तेच दुखणे पुन्हा घरात आणणे होय. वाडीतला त्यातल्या त्यात उंच, घराच्या पूर्वेकडचा तुकडा निवडावा, म्हणजे दुपारनंतर घराची सावली काही प्रमाणात आयती मिळते. तिथे दोन फूट खोल खड्डा करून तो पाण्याने काठोकाठ भरावा, ते पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. पाणी तसेच उभे असेल तर ती जागा सोडावी. जागा पसंत पडली तरी खोल खड्डा खणून त्यात शेणखत-रेती भरण्याची जी आपली पद्धत आहे ती या झाडासाठी वापरू नये, कारण चिकण काळ्या मातीत भुसभुशीत मातीचा खड्डा पावसाळ्यात चारही बाजूंचे पाणी ओढून घेतो आणि मुळे त्यात महिनाभर बुडून राहतात. त्याऐवजी जमिनीवरच दीड-दोन फूट उंच आणि पाच फूट रुंद असा वरंबा करावा. वरची काळी माती, खालचा मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळून तो भरावा, एक पावसाळा बसू द्यावा आणि मग त्यावर रोप लावावे. कलमाचा सांधा मातीच्या वर किमान एक वीत राहिला पाहिजे. दोन झाडांत दहा-बारा फुटांचे अंतर पुरते.

काळ्या जमिनीत चुनखडीचे प्रमाण बहुधा जास्त असते आणि सामू (पीएच) आठच्या आसपास जातो, तर सफरचंदाला सहा ते सात सामू मानवतो. त्यामुळे एखाद्या वर्षी कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसू लागेल. ती लोहाची कमतरता होय. युरिया वाढवून ती जात नाही, चिलेटेड, म्हणजे झाडाला शोषता येईल अशा रूपातल्या लोहाची फवारणी करावी लागते. वरंबा भरण्याआधी माती परीक्षण करून घेतले तर किती सावध राहावयाचे ते आधीच कळेल.

रोपे बहुधा हिमाचलातून येतात आणि ती डिसेंबर-जानेवारीत, पाने गळालेली, मुळे उघडी अशा स्थितीत पाठवतात. आली की जमिनीत लावण्याची घाई होते, आणि नेमके तेच टाळावे. फेब्रुवारीत लावलेल्या रोपाला मार्च उजाडेपर्यंत जेमतेम पांढरी मुळी फुटलेली असते आणि लगेच त्याच्यावर चाळीस अंशांचे ऊन कोसळते. माझ्या मते पहिला उन्हाळा रोपांनी मोठ्या पिशवीत, मोरीच्या किंवा रांजणाच्या शेजारी सावलीत, घरच्यांच्या नजरेखाली काढावा. मग पावसाचा जोर ओसरला, पोळा झाला, की ती वरंब्यावर जावीत. तेव्हा जमीन ओली पण कोमट असते आणि पुढे थंडीपर्यंतचे दोन-अडीच महिने मुळांना पसरायला मिळतात.

झाड जमिनीत गेल्यानंतरचे पहिले दोन उन्हाळे हीच खरी परीक्षा आहे. ठिबक असेल तर झाडाच्या दोन्ही बाजूंना, बुंध्यापासून दीड फुटावर तोट्या ठेवाव्यात. नसेल तर त्याच अंतरावर आळे करावे. पाणी किती द्यावे याचा आकडा मी देत नाही, कारण तुमच्या मुरमाचा निचरा मला दिसत नाही. एक वीत खोल माती उकरून मुठीत दाबावी. तिचा गोळा झाला पाहिजे, पण हाताला चिखल लागता कामा नये. वरून सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार चार बोटे जाड पसरावे आणि बुंध्याभोवतीची वीतभर जागा उघडी ठेवावी, नाहीतर उधई थेट सालीवर चढते. खोडाला मार्चमध्ये चुन्याचा हात द्यावा, म्हणजे पश्चिमेकडची साल तडकत नाही. सावलीसाठी ५० टक्क्यांची हिरवी जाळी होळीनंतर बांधावी आणि मृगाचा पाऊस पडल्यावर काढावी. ती झाडाला लपेटू नये. डोक्यावर आणि पश्चिमेला, पानांपासून हातभर अंतर ठेवून ताणावी, जेणेकरून सकाळचे ऊन मिळेल आणि खालून वारा खेळेल. पानमळ्यात लावतात तशी शेवरीची ओळ पश्चिमेच्या अंगाला लावली तर तिसऱ्या वर्षापासून जाळीवरचा बराच भार कमी होतो. हीच जाळी जरा भक्कम बांबूवर बांधली, तर फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीतही तिचा उपयोग होतो, फक्त मग ती आधीच चढवावी लागेल.

पावसाळ्याच्या तोंडी आणि पावसाळा संपल्यावर बुंध्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी. संत्र्याचेच प्रमाण, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. चारही झाडांना मिळून मोरचूद व चुना प्रत्येकी शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी पुष्कळ झाले. लोखंडी भांड्यात कालवू नये. खोड पोखरणारी आणि साल खाणारी अळी इथेही येते; भुशाची जाळी दिसली की तार घालून छिद्र साफ करावे. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांचा बंदोबस्त तुम्ही संत्र्यासाठी केलेला असेलच.

आता फळाकडे येऊ. पहिली दोन वर्षे जी फुले येतील ती खुडून टाकावीत. अन्नाला लहान वयातच फुलण्याची खोड आहे आणि अशा कोवळ्या झाडावर फळ ठेवले तर वाढ खुंटते. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून बहार धरावा. फुले झुपक्यांनी, पाच-सहा मिळून येतात, कळीला गुलाबी आणि उमलल्यावर पांढरी दिसतात, आणि त्यांतले मधले फूल सर्वांत आधी उमलते. त्याचेच फळ मोठे होते. फळे बोराएवढी झाली की प्रत्येक झुपक्यात एकच ठेवून बाकीची कात्रीने काढावीत, आणि ठेवलेल्या दोन फळांत वीतभर अंतर राखावे. घरच्यांना हे जीवावर येते, परंतु सगळी ठेवली तर सगळीच सुपारीएवढी राहतात.

उन्हात उघड्या असलेल्या फळाची साल हवेपेक्षा दहा अंशांहूनही अधिक तापू शकते आणि ती सेहेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांच्या पुढे गेली की भाजू लागते; पश्चिमेच्या गालावर आधी पिवळट, मग तपकिरी डाग पडतो आणि त्याखालचा गर कडसर होतो. म्हणून एप्रिलपासून फळांना पांढऱ्या कागदी पिशव्या बांधाव्यात. फळमाशी आणि पोपट यांच्यापासूनही त्याने बराच बचाव होतो. वानरांवर मात्र पिशव्यांचा काही परिणाम होत नाही.

रंगाची अपेक्षा ठेवू नये. सफरचंदाला लाली चढते ती थंड रात्रींमुळे, आणि आपल्या मेच्या रात्री कशा असतात ते सांगायला नको. अन्नाचे फळ लांबट, हिरवट-पिवळे आणि एका अंगाला जेमतेम गुलाबी झाक असलेले निघेल. डॉर्सेट गोल्डन पिवळेच असते, म्हणून त्याच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. चवीला अन्ना गोड-आंबट असते आणि वेळेवर तोडले तर चांगले कुरकुरीत लागते. डॉर्सेट गोल्डन अधिक गोड आणि गराला घट्ट. सासूबाईंना आंबटपणा चालत नसेल तर त्यांच्यासाठी दुसरे राखावे.

तोडणीची वेळ हेच चवीचे खरे मर्म आहे, कारण गरम हवेत ही फळे झाडावर फार झपाट्याने पिकतात आणि दोन-चार दिवस जास्त राहिली की गर पिठूळ होतो. बी तपकिरी झाले का हे पाहण्याची जी रूढ पद्धत आहे ती लवकर पिकणाऱ्या वाणांत फसवी ठरू शकते. फळ खाण्याजोगे होते तरी बी पुरते रंगलेले नसते. त्यापेक्षा औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणावे, थोड्या पाण्यात पातळ करावे, एक फळ आडवे कापून त्याच्या कापावर लावावे आणि दोन मिनिटे थांबावे. सबंध काप निळा-काळा झाला तर फळात अजून पिष्ट आहे, ते कच्चे आहे. बियांच्या भोवतीचा मधला भाग पांढरा राहिला आणि सालीलगतचा भाग तेवढा काळवंडला, तर त्या झाडाची तोडणी सुरू करण्याची वेळ आली. काहीच रंगले नाही तर उशीर झाला. तपासलेले फळ अर्थातच खाऊ नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये. हा प्रयोग मेच्या पहिल्या आठवड्यापासून तीन-चार दिवसांनी करावा आणि प्रत्येक वाणाचा वेगळा करावा.

तोडणी सूर्य वर येण्याआधी करावी. फळ तळव्यात धरून वर उचलत किंचित फिरवले की तयार फळाचा देठ फांदीपासून सहज सुटतो. ओढावे लागले तर ते आणखी दोन दिवस राहू द्यावे. उतरवलेली फळे लगेच सावलीत पसरावीत आणि गार झाल्यावर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावीत. काश्मिरी फळासारखी ती महिनोन्महिने टिकत नाहीत. पंधरवड्यात संपवावीत, आणि विरळणीत किंवा वादळात पडलेल्या कच्च्या फळांना गूळ-मिरची घालून लोणचे करावे, ते कैरीच्या लोणच्याच्या पंक्तीला बसते.

एमएम १११ खुंटावरची दोन अन्ना आणि दोन डॉर्सेट गोल्डन अशी मागणी दिवाळीच्या आत एखाद्या नोंदणीकृत रोपवाटिकेकडे नोंदवावी, पावतीवर वाण आणि खुंट दोन्ही लिहून घ्यावेत, आणि तोपर्यंत वरंब्यासाठी मुरूम आणून ठेवावा.